अडीचशे शब्दांत

अर्जातला चौथा रकाना विचारतो:
याआधी कोणकोणत्या नावांनी ओळखले जात होता?

पदवीवर कुमारी विजया केशव मयेकर.
पेन्शनच्या कागदांवर वृंदा मोहन राऊळ.
आणि हजेरीपटाच्या मागच्या पुठ्ठ्यावर
पेन्सिलीनं, पोरांच्या अक्षरात, छडीबाई.
पहिल्या दोघी एकच आहेत असं
विक्रोळी कोर्टाबाहेरच्या छत्रीखाली
स्टँपपेपरवर लिहून दिलं.
तिसरीबद्दल वकिलांनी विचारलं नाही.

निवड व्हायच्या आधीच लस घेऊन टाकली.
बॅलार्ड पिअरजवळ, बंदराच्या दवाखान्यात,
पिवळ्या तापाची.
रांगेत सगळे खलाशी, विशीबाविशीचे,
आणि मी, एकसष्ट, गुडघ्याला पट्टा.
"तिकडं जायला नाही लागत हो मॅडम," नर्स म्हणाली,
"परत यायला लागते.
नाहीतर आपलेच लोक आत घेणार नाहीत."

टांझानियातल्या त्या शाळेत
सातवीला त्र्याण्णव मुलं, फळा एक,
गणिताला कुणी नाही.
माहितीपत्रात एवढंच:
मुलं हुशार आहेत. पाणी उकळून प्यावं.

जेवणं झाली की पुतण्या ओजस
मोबाईल टेकवून स्वाहिली शिकवतो मला.
गाडीला गारी, साबणाला साबुनी,
दुकानाला दुका, शेवटचा न गिळून टाकायचा.
अरे, हे तर आपलंच सामान, म्हटलं,
कुठल्याशा गलबतातनं गेलेलं
आणि परत मागायचं राहून गेलेलं.
"काकू, उच्चार," ओजस म्हणतो.

मग तो रकाना आला.
वर्गातल्या आपल्या एका अपयशाबद्दल लिहा.
अडीचशे शब्दांत.

"यात गोड अपयश लिहायचं असतं,
फार मेहनत घेते, स्वतःकडे लक्ष देत नाही, असलं काहीतरी."
मी दुरेघी वही काढली.

रेशमा वाकोडे. सातवी ब. शहाण्णव साल.
अपूर्णांकांच्या पेपरात शंभरापैकी चार.
चार हा आकडा मी अख्ख्या वर्गाला
मोठ्यानं म्हणायला लावला,
तीनदा, पाढ्यासारखा.
दुसऱ्या दिवशी ती आली नाही.
महिन्यानं नाव कमी केलं,
लाल शाईनं, पट्टी धरून, रेघ अगदी सरळ.
तिचं घर शाळेपासून दोन गल्ल्यांवर.
वर्गाच्या खिडकीतून त्यांचा पत्रा दिसायचा,
त्यावर वाळत घातलेला शाळेचा निळा स्कर्ट.
पुढं दोन वर्षांनी तोच स्कर्ट
पाचवीच्या वर्गात आला, धाकटीच्या अंगावर,
कमरेला दुमडून शिवलेला.
मी गेले नाही.
पेपर तपासायचे होते, दूध आणायचं होतं,
शनिवार होता.

इथंच दोनशे बेचाळीस शब्द झाले.
उरलेल्या आठांत
यातून काय शिकलात, ते लिहायचं होतं.

मंगळवारी गेले.
गल्ल्या नाहीत आता. बावीस मजले, एक लिफ्ट बंद.
वॉचमनच्या वहीत येण्याचं कारण लिहायचं होतं,
मी 'गणित' लिहिलं.
वाकोडे? नवव्यावर होते कुणी, माहुलला गेले,
की ते वाघोडे?
त्यानं माझ्यासाठी वहीची पानं उलटली,
बरीच मागं, उगाचच.

घरी येऊन लिहायला बसले ते लिहितच गेले.
दोनशे पन्नासाव्या शब्दावर
यंत्रानं माझा हात धरला.
वाक्य अर्धं राहिलं, अर्ज गेला.

सतराव्या दिवशी उत्तर आलं.
आपली निवड झाली आहे.
सामान तेवीस किलो.
एक उत्तर मध्येच तुटलेलं दिसतं,
पुढचं इथं आल्यावर सांगावं.
आणि अगदी खाली, एकच शब्द, करिबू.

ओजसनं शोधलं. करिबू म्हणजे या.
"आणि काकू, दुसरा पण अर्थ आहे. जवळ."

मी खडूचे डबे भरत होते, बारा, धूळ न उडणारे.
म्हटलं, किती,
ते दिलंय का बघ.