पहाटे तीनची नळी

व्हिएनो काल्तिओच्या फ्रीझरमध्ये
लिंगनबेरींच्या पिशवीला टेकून
चार नळ्या ठेवलेल्या असतात.
प्रत्येकीत तिने चघळलेला कापसाचा बोळा:
उठल्याबरोबरचा, अर्ध्या तासानंतरचा,
दुपारचा, निजतानाचा.
वर्षातून एकदा मी शीतपेटी घेऊन जाते.
ती कॉफी ओतते, मी सह्या घेते.

पहिल्या वर्षी ती कायानीच्या रस्त्यांवरचा बर्फ सारायची,
नगरपालिकेच्या पिवळ्या गाडीतून,
गाव जागं व्हायच्या आत.
गजर तीनचा;
कॉर्टिसॉल पावणेतीनलाच बूट चढवून दाराशी उभं.
आलेखात एक खडी टेकडी
आणि मग रात्रीपर्यंत निवांत उतार.

दुसऱ्या वर्षी कंत्राट दुसऱ्या कुणाला गेलं.
शरीराला ते कुणी कळवलं नाही.
तीनला उठायचंच ते,
गाडी नाही, रस्ता नाही,
नुसता हुकूम सुटलेला.
टेकडी उतरायचं विसरली.
निजतानाची नळीही टक्क जागी.

तिसऱ्या वर्षी डोक्यामागची एक बट कापली.
केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, मी समजावलं,
म्हणजे मागचं सगळं यात लिहिलेलं असतं.
"लाऊरी गेला तो महिनाही?"
असेल, म्हटलं.
"मग तेवढा तुकडा तुमच्याकडेच ठेवा."

चौथ्या वर्षी आकडे खाली आले.
सांगायचं नसतं, तरी मी सांगून टाकलं,
पेढा हातावर ठेवावा तसं.
"हो," ती म्हणाली, "आता काही होतच नाही."
ते वाक्य मी चांगल्या बातमीत जमा केलं.
निघताना दाराशी दिसलं:
कॅलेंडर ऑगस्टवर थांबलेलं, बाहेर नोव्हेंबर,
बुटांवर धूळ. बर्फ नव्हे, धूळ.

पूर ओसरला की आपण हुश्श करतो.
विहिरीत दोर सोडून
कोण बघतं?

डॉक्टर बाई म्हणतात, सगळ्यांचं असं होत नाही,
कुणाची टेकडी वर्षानुवर्षं उभीच राहते,
कुणाचं दुःख नळीत उतरतच नाही.
आधी काय आलं, संप्रेरक की अंधार,
ते मला विचारू नका.
मी पेटी वाहते.
पण त्या नोव्हेंबरनंतर
सह्या झाल्यावर लगेच उठत नाही,
दुसरा कप मागून घेते.
पाचवं वर्ष, सहावं वर्ष,
बहुतेक वेळ आम्ही खिडकीबाहेर बघतो.

यंदा, सातव्या खेपेला,
पहिल्या नळीच्या चिठ्ठीवर तिचं गिचमिड अक्षर:
"३:१०. रात्रभर पडलाय.
शेजारच्या म्हाताऱ्याच्या पायऱ्या मोकळ्या करून आले.
बोळा विसरले. चाळीस मिनिटं उशीर. माफ करा."

नियमाप्रमाणे ही नळी बाद.
मी ती पेटीत
सगळ्यांत वर ठेवली.