तुटक रेघांचा हात

फिलाडेल्फियात, आर्च स्ट्रीटच्या मागल्या बोळात
मी यंत्रांच्या आकृत्या काढून पोट भरायचो.
पंप, चरक, एकदा तर सफरचंद सोलायचं यंत्र.
उजेड नेहमी डावीकडून, वरून; उजवीकडची रेघ जाड.
एवढं पाळलं की वॉशिंग्टनचे साहेब कागद परत धाडत नसत.

थॅडियस क्रेलिन आला तो एक खांदा पाडून.
वर्ख ठोकणारा. बापही तेच, आजाही.
आठ शेरांचा हातोडा एकवीस वर्षं हाणलेला माणूस
खुर्चीत बसताना उजवा हात मांडीवर ठेवायचा
झोपलेलं मूल ठेवावं तसा.
"आता हे लोखंडानं करावं," म्हणाला.
अर्जाची सुरुवात त्याला तोंडपाठ:
सर्व लोकांस कळावे की मी, थॅडियस क्रेलिन,
सोने ठोकण्याचे एक नवे व उपयुक्त यंत्र शोधिले आहे.
हे म्हणताना तो उभा राहायचा.

मी दुकान बघायला गेलो.
जमिनीत रोवलेला ओंडका, त्यावर संगमरवर,
त्यावर बैलाच्या आतड्याच्या पापुद्र्यांची गड्डी,
दर दोन पापुद्र्यांत सोन्याचा एक चौकोन.
उजवा हात मारतो. हातोडा आपणच उसळतो.
आणि त्या उसळीएवढ्या वेळात
डावा हात गड्डी जराशी फिरवतो.
किती? मी विचारलं.
"ते हाताला विचार."

हाताला विचारलं. कोनमापक घेऊन सकाळभर बसलो.
कधी अकरा अंश, कधी चार,
कधी फिरवलीच नाही, नुसती दोन बोटांत वाकवून
कानाशी नेली.
हवा दमट झाली तसं सगळं गणित पुन्हा वेगळं.

आकृती दोन. चाक, दांडा, उचलणारा दात, स्प्रिंग, हातोडा.
गड्डीशेजारी तो हात, नखाखालच्या डागासकट.
वकील वॉर्नॉक चष्म्यावरून बघत म्हणाले,
"हा कसला शोध? हात सगळ्यांनाच असतात.
ठेवायचाच तर तुटक रेघांनी काढ.
तुटक ते दाव्यात नाही."
तुटक काढला. फार वेळ लागला.
नुसत्या अंगठ्याच्या वळणाला एकोणीस टिंबं.

पेटंट आलं, लाखेच्या मोहोरेसकट.
बोळभर ठोके, सगळे एका मापाचे.
शेजारच्या टोपीवाल्यानं तक्रार केली, मग त्याला झोपच येईना त्याशिवाय.

तिसऱ्या दिवशी मेहिटेबलनं गड्डी उघडली.
त्याची बहीण. वर्ख उचलायचं काम तिचं:
लाकडी चिमटा, आणि मिटल्या ओठांतून एक फुंकर
की पान उशीवर सपाट निजावं.
पहिल्या पानाला मधोमध भोक.
दुसऱ्यालाही. सातशेव्यालाही, तिथंच.
तिनं एक पान दिव्यासमोर धरलं.
सोन्यातून उजेड हिरवा येतो, मला ठाऊक नव्हतं.
भोकातून मात्र नेहमीचाच.

कुणी काही बोललं नाही.
क्रेलिननं स्टूल ओढलं, यंत्राशेजारी बसला,
डावा हात हातोड्याखाली सरकवला
आणि फिरवू लागला.
दोन महिने चाललं तसं.
नोव्हेंबरात करंगळी गेली.

वसंतात तो पुन्हा माझ्याकडे आला. अर्ज दुसरा: सुधारणा.
या खेपेला बोट दाव्यात होतं, पूर्ण रेघेचं,
पितळेचं, जरा वाकडं.
मी न विचारताच ते त्याच्या करंगळीसारखं काढलं.
गड्डी किती फिरवावी, तिथं वॉर्नॉकनी लिहवून घेतलं:
सुमारे अकरा अंश, कमीजास्त, कारागिराच्या मर्जीनुसार.

माझी मजुरी त्यानं रोख दिली नाही.
वर्खाचं एक पुस्तक दिलं, पंचवीस पानांचं,
हातानं ठोकलेलं, जुन्या साठ्यातलं.
अजून ते पेटीत तसंच आहे.
दोनदा उघडायला घेतलं,
पण माझ्या घरात तेवढी बारीक फुंकर
कुणालाच येत नाही.