जाड आवाज

बोरोले मॅडमची खोली जळगावात, रिंग रोडला,
खाली डाळमिलच्या सुट्या भागांचं दुकान,
वर अंड्यांच्या क्रेटसारखा करडा फोम भिंतींना.
म्हणाल्या, अर्धा तास. काही करायचं नाही.
ऐकायचंसुद्धा नाही, नुसतं येऊ द्यायचं.
आणि हेडफोन पुढे केला.

मी हात मागे घेतला.

भादलीच्या अलीकडे मी हॉर्न दिला होता.
दिला होता. पुन्हा दिला होता.
त्या पोराच्या कानात हेच होतं.
रुळांमधून चालला होता, मान थोडी हलवत,
कुणीतरी फार सुरात गात असल्यासारखा.
ब्रेक लावला तरी मालगाडी लगेच थांबत नाही
हे आम्हाला शिकवतात.
तेवढ्या वेळात माणसानं कुठं बघायचं, ते नाही.

मॅडमनी काही विचारलं नाही.
हेडफोन टेबलावर ठेवला, चालू केला,
आणि आम्ही दोघं त्याच्यापासून हातभर लांब बसलो.
काड्यापेटीत कोंडलेल्या माशीएवढी सारंगी.
चार दिवस असेच गेले.
पाचव्या दिवशी डावा कान.
आठव्या दिवशी दोन्ही.

यातले जाड आवाज गाळलेत, त्या म्हणाल्या,
माणूस मायेनं बोलतो तेवढीच पट्टी ठेवलीय.
जाड आवाज आला की शरीर समजतं, वाघ आला.
वाघ नाही, मी म्हटलं. वाघिणी. अठ्ठावन्न.
मग हळूहळू सोडू आपण जाड आवाज,
हतनूरचे दरवाजे कसे, एकेक.
पूर आला की सगळे उघडतात, मॅडम.
त्या हसल्या. वहीत काहीतरी लिहिलं.

घरी ऐकताना हाताला काम हवं म्हणून
शेजारच्या पोरीचे खडू आणले.
वय एकोणपन्नास, आणि केळीचं पान काढतोय.
मधली शीर सरळ यायची, रुळासारखी,
की मी कागद फाडायचो.
तबला वाजायचा, पण नुसतं चाटीचं टिकटिक,
डग्गा नाही. पाय नसलेला माणूस चालावा तसा.

एकविसाव्या दिवशी डग्गा आला.
कानातून नाही, खुर्चीच्या पायातून आल्यासारखा,
गुडघ्यात, मग पोटात.
मी खुर्ची धरली.
मॅडम म्हणाल्या, श्वास सोडताना मोजा. घेताना नको.
सहापर्यंत गेलो. दुसऱ्यांदा सात.
त्या रात्री पान काढलं ते वाऱ्यानं फाटलेलं,
चिंध्या झालेलं, आणि ते मी ठेवलं.

पौषातली गोष्ट. पाणी प्यायला उठलो
तर मंदा स्वयंपाकघराचं दार लोटून
भरीत ठेचत बसलेली, माझ्याकडे पाठ,
आणि बडगीखाली चौघडी घातलेली गोधडी.
मला वाटत होतं, यंदाची वांगीच मऊ आहेत.
सबंध हिवाळाभर वाटत होतं.

गोधडी काढ, म्हटलं.
काहून? यार्डापर्यंत आवाज जाईन.
जाऊ दे.

तिनं बघितलं माझ्याकडे. काढली.
पहिल्या घावाला खांदा वर गेला.
दुसऱ्याला गेला.
तिसऱ्याला मी मोजत होतो, सोडताना.
तेवढ्यात यार्डात कुणीतरी हॉर्न दिला, लांब,
खांदा पुन्हा उठला, तिथंच राहिला जरा,
आणि कुणी न सांगता खाली आला.

त्या पोराच्या कानात काय चालू होतं
ते कुणालाच माहीत नाही.
मी विचारलंही नाही कुणाला.
असेल ते पूर्ण असावं,
काहीही न गाळलेलं,
डग्ग्यासकट.

मिरच्या कमी पडल्या, मंदा म्हणाली,
आणि ठेचत राहिली.