एकशे वीस सेकंद

ऑक्टोबरात आबानोची खिंड बर्फाने मिटते
ती जूनपर्यंत.
वरच्या गावात हिवाळ्याला सात माणसं उरतात,
थोड्या मेंढ्या, शेतेचा कुत्रा,
आणि दगडी बुरुजाच्या पोटात, लोकरीच्या पोत्यांमागे
माझी एक पेटी. तिच्यात लिनक्स.

मी खाली, अलवानीत, शेगडीपाशी.
पेटीपर्यंत जायचा रस्ता एकच,
जो मी आत्ता दुरुस्त करायला बसले आहे.
बसल्या फांदीला करवत लावायची
आणि पडायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी पडले.
तेव्हा मी दिवसभर रूट होऊन बसायचे.
दर वेळी पासवर्ड कोण देत बसेल?
यंत्र माझं, हात माझे.
दोन खिडक्या उघड्या, एक इथली, एक वरची,
दोन्ही काळ्या, दोन्हींत तोच लुकलुकता ठिपका.
इथलं नेटवर्क बंद करायची आज्ञा
वर दिली.
रूटला कुणी विचारत नाही, नक्की का?
रूट म्हणाला की झालं.
ठिपका होता तिथेच थिजला.

शेतेच्या मुलीला त्या मार्चमध्ये मुलगा झाला.
शेतेला कळलं जूनमध्ये,
बाळ मान धरायला लागल्यावर.
मला तो एका शब्दाने बोलला नाही.
मेंढीच्या कातड्यात मुरवलेलं चीज ठेवून गेला दारात.
ते अजून घशाखाली उतरत नाही.

तेलावीच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेला इरोदी
मग म्हणाला होता, नाबादी बघितलीस ना मेंढपाळाची?
बर्फात तिच्यावाचून मरशील.
पण तीच पांघरून शेगडीला टेकलीस तर जळशील.
काम झालं की खुंटीला टांग.

म्हणून आज आत शिरले ती साधी माक्वाला म्हणून.
जुन्या फाइलीची प्रत काढली, नावात आजची तारीख घातली.
मग सुडो, एवढ्या एका ओळीपुरता.
पासवर्ड लिहिताना एक ठिपकासुद्धा उमटत नाही,
अंधारात कुलूप चाचपावं तसं.
गेटवेचा नवा पत्ता भरला. लागू नाही केला, म्हटलं
करून बघ.
पेटी म्हणाली, पटलं तर एंटर दाब,
नाहीतर एकशे वीस सेकंदांनी मी जुनं परत आणते.

एकशे एकोणीस. एकशे अठरा.
एकशे तेराला आकडा थिजला.

हे मला ओळखीचं आहे.
हात कीबोर्डकडे धावले, मी ते मांडीखाली घेतले.
आता काहीही न करणं हेच काम.
शेगडीत एक लाकूड कुशीवर वळलं.
वर ख्वारामझेचं रक्तदाबाचं यंत्र
रात्रीचा आकडा डॉक्टरकडे पाठवायला बघत असेल,
आणि पुढे वाट नसेल.
मी मनातल्या मनात मोजत होते, घाईघाईत,
माझी एकशे वीस कधीच संपली होती.

मग एकदम सगळे राहिलेले आकडे धावत आले, एकावर एक,
खिंड उघडल्यावर मेंढ्या येतात तसे,
आणि शेवटी एक ओळ:
बदल मागे घेतले आहेत.
दोष नाही, उपदेश नाही.

२५४ च्या जागी मी २४५ लिहिलं होतं.

दुसऱ्यांदा आकडे मोठ्याने वाचले, एकेक, बोट ठेवून.
करून बघ.
शंभरावर पोचायच्या आत एंटर दाबलं,
मग लगेच नाही हलले.

सुडो अजून काही मिनिटं मला ओळखेल,
परत विचारणार नाही.
मीच त्याला म्हटलं, विसर.

बाहेर पडता पडता शेतेचा निरोप आला:
मघाशी पेटीचा दिवा पिवळा झाला होता,
कुत्रा उगाच भुंकला.
आता हिरवा आहे.
नातू दात दाखवतोय, फोटो मोठा पाठव.