सात ते आठ

सेलूच्या जिनिंगवर मी हजेरी लिहितो.
एक वही टेबलावर, एक ड्रॉवरमध्ये.

उद्या तपासणी आहे असा निरोप आला तेव्हा
रेच्यांच्या शेडमध्ये दिवे लागून दोन तास झाले होते.
मॅनेजर म्हणाले, तो नियमाचा बोर्ड कुठंय?
बोर्ड नव्हताच. कधीच नव्हता.
भिंत होती, तिच्यावर बोटभर रुईची धूळ,
आणि गफूर पेंटर तापानं झोपलेला.

म्हणून तौफिक आला. गफूरचा पुतण्या.
यंदा दहावी, गणित राहिलेलं,
मिशीचं अजून काही नक्की नाही.
सायकलच्या हँडलला दोन डबे, लाल आणि पांढरा,
रॉकेलच्या बाटलीला कागदाचं बूच.

त्यानं आधी भिंत झाडली, मग खोकला.
मी कागदावरून वाचत गेलो,
तो शिडीवरून लिहीत गेला:
चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींस
सायंकाळी सात ते सकाळी आठ
कामावर ठेवण्यास कायद्याने मनाई आहे.

मनाईची ई कोणती, काका?
दीर्घ, म्हटलं.
तिच्यावरचा फराटा त्यानं असा वळवला
की कोंबड्याचा तुरा.
मग मागं रेलून बघितलं, म्हणाला,
सात ते आठ, म्हणजे एकच तास की ओ.

नाही रे. संध्याकाळचे सात. सकाळचे आठ.

ब्रश दातात धरून त्यानं पेरांवर मोजलं.
एकदा चुकलं. पुन्हा मोजलं.
तेरा!
लाल थेंब माझ्या चपलेवर पडला.
तेरा तास कोण झोपतंय, काका?
आमच्यात तर पाळीनं झोपतेत.

खाली गंगासागर सरकीचं टोपलं
डोक्यावर तसंच धरून उभी राहिली.
सा. यं. का. ळी.
ओठ हलत होते तिचे.
टेबलावरच्या वहीत ती एकोणीस वर्षांची आहे.
'आठ'पर्यंत पोचली असती,
पण मुकादमानं शिट्टी मारली.

पावणेबाराला काम उरकलं.
तीनशे रुपये दिले. खर्चात लिहिलं: रंग, किरकोळ.
बाहेर अशी थंडी की कुत्रीसुद्धा बॉयलरच्या भिंतीला.
जातो म्हणाला, आणि गठाणीवर टेकला तो टेकलाच.
मी त्याच्यावर किंतान टाकलं.
एवढंच केलं मी. ते सांगून टाकतो.

पहाटे पोरींना टेम्पोत बसवून
पाथरी रोडच्या गोडाऊनला पाठवलं.
तौफिकला उठवावं लागलं नाही,
सायकल आधीच नव्हती.

साहेब साडेदहाला आले. चहा घेतला.
वही पाहिली, टेबलावरची.
मग बोर्डासमोर बराच वेळ उभे राहिले,
माझ्या पोटात गोळा. रंग ओला होता.

अक्षर सुरेख आहे हो, म्हणाले. कोणाचं?

गफूर पेंटरचं, साहेब, मी म्हणालो.
वय त्रेपन्न.

वय त्यांनी विचारलं नव्हतं.