सात शेजारी

रात्रपाळी. बाहेर माळावर बोरा सुटलाय,
त्रिएस्तेच्या बंदराकडे दारं आपटत धावणारा वारा.
आत, गोल इमारतीत, इलेक्ट्रॉन फिरताहेत
घाण्याच्या बैलासारखे,
आणि दर वळणावर त्यांच्या अंगातून जो प्रकाश गळतो
तो आम्हाला हवाय.

ओरेस्तेने स्फटिक उचलला. मिठाच्या कणाहून लहान.
नायलॉनच्या फासात धरून
थंड नायट्रोजनच्या झोतात उभा केला.
"श्वास रोखा, नेवेंका," तो दर वेळी म्हणतो.
एकदा माझ्या सुस्काऱ्याने एक उडून गेला होता.
चार महिने लागले होते त्याला वाढायला.

जिवाणू नाब्रेझिनाच्या खाणीतला.
भिंत पाझरते तिथला काळा, बुळबुळीत थर
बाबांनी खोकल्याच्या रिकाम्या बाटलीतून आणला:
"हे दगड खातं. तुला असलंच काही लागतं ना?"
दगड खात नव्हतं.
आसपासच्या मेलेल्यांची प्रथिनं कातरून खात होतं,
एका विकराने,
ज्याची घडी उलगडायला आमचं दीड वर्ष गेलं.

मग निळी जाळी दिसली पडद्यावर.
मोज्यात पाय सरकवावा तशी
मी तिच्यात साखळी सरकवत गेले, दुवा दुवा.
शेवटी उरतात सुटे ठिपके.
त्यांना पाणी म्हणायचं आणि पुढे जायचं, अशी रीत.
मी दोनशे बारा पाणी भरले.

एकशे चाळिसावं ऐकेना.
पाणी बसवलं तरी भोवती हिरवा डाग उरायचा:
अजून आहे, इथे अजून वजन आहे.
पाणी सभ्य असतं, दोन पूर्णांक आठवर उभं राहतं.
हे दोन पूर्णांक चारवर,
सात ऑक्सिजनच्या मिठीत, जरा न हलता.
मी बोटांवर मोजलं, रात्री तीन वाजता, मोठ्याने.
ओरेस्ते म्हणाला, "कॅल्शियम."
आठवडाभर त्याने आम्हाला चुना लावला
आणि तो स्वतःच चुना होता.

पण आमच्या एकाही बाटलीत कॅल्शियम नव्हतं.
लेबलं पुन्हा वाचली. ओरेस्तेने माझी वहीसुद्धा वाचली,
आणि सापडली मार्चमधली एक ओळ, माझ्याच अक्षरात:
वाढत नाही. खाणीची पूड, एक चिमूट.

म्हणजे हा अणू
एका चिमटीतून उचलला गेला,
गाळण्यांतून, नळ्यांतून, उणे ऐंशीच्या कपाटातून
मुठीतला पैसा जपावा तसा जपला गेला.
त्याआधी तो दगडात होता,
त्याआधी कुठल्यातरी शिंपल्यात,
जेव्हा हा सगळा डोंगर समुद्राखाली होता.

दुसऱ्या दिवशी मी तो काढून घेऊन पाहिला.
कॅल्शियम ओढून घेणाऱ्या रसायनाचे चार थेंब.
कालपर्यंत साठ अंशांवर ताठ असलेलं विकर
चाळिसावर नासलं, दुधासारखं.

गेल्या महिन्यात बाबांच्या पाठीचा फोटो काढला.
त्यातही क्ष-किरण, त्यातही काळं-पांढरं.
डॉक्टरीणबाईंनी दोन मणक्यांवर पेन ठेवलं,
काही बोलल्या नाहीत.
एकतीस वर्षं चुनखडीत काढलेला माणूस
आतून पोकळ होतोय, हे मला
त्यांच्या पेनाच्या थांबण्यावरून कळलं.

रविवारी त्यांना चित्र दाखवलं.
मधे हिरवा गोळा, भोवती सात लाल.
चष्मा कपाळावर चढवून त्यांनी विचारलं,
"हे सगळे याला धरून आहेत?"
"हो."
"मोठा दगड सरकवायला आम्ही सहा जण लागायचो."
"इथे सहा धागे साखळीचेच आहेत. सातवं पाणी."
"खरं पाणी?"
"हं, हे खरं."

ते उठले, एक हात टेबलावर ठेवून.
किटलीत व्हिनेगर ओतलं,
तळाचा पांढरा थर चमच्याने खरवडू लागले.
"तार, वाळू आणि पाणी," पाठमोरे म्हणाले,
"एवढ्यावर आम्ही डोंगर कापला.
पाणी मोजायला मात्र कुणी आलं नाही."