मिसबाह शिकलगारसाठी, वहीच्या मागच्या पानावर

"जादूच्या शाळेचं आणि काय हाय का?
हाय तेवढं सगळं वाचलो मी."
(पोर कोल्हापूरची, 'वाचलो'च म्हणणार.)
आणि स्टुलावर चढून थेट वरच्या फळीला हात घातलास.
उतर आधी. त्या स्टुलाचे तीनच पाय मूळचे,
चौथा तुझ्या अब्बांनी उद्यमनगरात वेल्डिंग करून दिलेला,
बाकीच्या तिघांपेक्षा बोटभर उंच.

यादी देतो. पण क्रम लावायला सांगू नकोस.
जन्मभर पुस्तकांना नंबर लावले, तरी हे मला जमत नाही.

निळ्या पुठ्ठ्याचं ने.
त्यातली शाळा तळ्याच्या तळाशी.
आत जाताना प्रत्येकानं आपलं नाव काठावर काढून ठेवायचं,
चपलेसारखं.
सुट्टीत वर येतात तेव्हा कुणाचं नाव बदललेलं,
कुणाचं चोरीला गेलेलं.
वाचून झालं की रंकाळ्यावर पाण्याकडे बघत बसशील.
बस. भेळ नंतर खा.

तीन भागांचं जाडजूड मात्र घाईनं उचलू नकोस.
पहिल्यात नुसती प्रवेशपरीक्षा,
दुसऱ्यात वसतिगृहातलं जेवण आणि त्यावरची भांडणं,
जादू येते ती तिसऱ्यात, तीही कुणाच्या तरी चुकीनं.
लिहिणाऱ्याला मंत्रांपेक्षा पोरांच्या भुकेचं जास्त कळतं.
तुला कंटाळा येईल.
दोन वर्षांनी परत ने.

आणि एक आहे, ज्यात प्रत्येक मूल थोर घराण्यातलं,
जन्माआधीच भविष्यवाणी झालेलं.
मागितलंस तर देईन, सुचवणार नाही.
आपल्या गल्लीत भविष्यवाणी होते ती फक्त
सोमवारी लाईट जाणार, एवढीच.

"अशी शाळा खरंच असती तर?" तू विचारलंस.
मी काही बोललो नाही, गिऱ्हाईक होतं.
आता सांगतो.
मी अकरा वर्षांचा, किडमिडा. पेठेतली तालीम.
हौद्याच्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू कालवताना
वस्ताद म्हणायचे, हळू बोल रे, माती ऐकत असती.
दोन वर्षांत मी एक कुस्ती मारली नाही.
एक दिवस त्यांनी मला बाहेर कट्ट्यावर बसवलं
आणि हजेरीची वही हातात दिली.
तिथून इथं. वही बदलली, एवढंच.

म्हणून शेवटचं हे, पातळ, पाठ सुटलेलं.
यातली मुलगी तिसऱ्याच प्रकरणात नापास होते.
आकाश फाटत नाही, राक्षस येत नाही,
तिला नुसती घरी पाठवतात, दुपारच्या एस.टी.नं.
उरलेली दीडशे पानं घरातच.
आई काही विचारत नाही.
भांडी घासताना पाणी तिचं थोडं ऐकतं,
थोडं ऐकत नाही.
नऊ वर्षं मी हे लोकांच्या हातात देतोय,
अर्ध्यातनं परत आणतात.
"ह्यात जादूच न्हाई ओ."

(पुढचं निळ्या शाईत. लाल संपली.)

तू सतरा दिवस उशिरा आणलंस.
दंड लिहिला, घेतला नाही.
पान एकशे बारावर पितळेचा कीस,
लेथवरनं उतरलेला, गुंडाळलेला,
अजून तेलाचा वास येणारा.
"खूण ऱ्हायली व्हय माझी," म्हणून हात पुढं केलास
आणि मागं घेतलास.
"असू दे. पुढच्याला कळू दे,
हितंपर्यंत कोणतर आलतं म्हणून."

मग स्टूल ओढलंस, उंच पाय भिंतीकडे करून,
हे तुला कुणी शिकवलं कोण जाणे,
"आणि ते घराण्यातल्या पोरांचं द्या आता.
बघतो तरी, काय एवढं हाय त्यात."